वीरगळ नोंदणी: कामाची वही

१७ नोव्हेंबर २०२४

पावसाळ्यातलं गवत वाळलं, दगड दिसायला लागले. तालुक्यातले वीरगळ (वीराच्या आठवणीचे कोरीव दगड), सतीशिळा (सती गेलेल्या बाईचे दगड) आणि जुन्या समाध्या यांची यादी करायची. प्रत्येकाचे फोटो, मापं आणि त्यावर काय कोरलंय त्याचं वर्णन. काम एवढंच. गावांची नावं या वहीत येणार नाहीत. कोरीव दगड चोरीला जातात, आणि चोराला आयता नकाशा करून द्यायची हौस नाही. गावांना क्रमांक दिलेत, खरी नावं वेगळ्या फायलीत.

तक्त्याचे रकाने ठरवण्यातच संध्याकाळ गेली. दगडाची जात (बेसाल्ट की जांभा), उंची-रुंदी-जाडी, कप्पे किती, प्रत्येक कप्प्यात काय, माथ्यावर काय, सध्या कुठे आणि कशा अवस्थेत, गावात त्याला काय म्हणतात. कप्प्यांच्या रकान्यापुढे 'खालून वर' असं लिहून ठेवलंय, कारण माणसाचा डोळा आधी वर जातो आणि वीरगळ वाचायचा असतो तळापासून. तळाशी वीर पडलेला किंवा लढताना. त्याच्यावर अप्सरा त्याला हाताला धरून नेताहेत. त्याच्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, शेजारी पूजा करणारा पुरोहित. माथ्यावर कलश, बाजूला चंद्र आणि सूर्य. कधी तीन कप्पे, कधी चार. वाट हीच, मातीतून कैलासाकडे.

२४ नोव्हेंबर

गाव १. मारुतीच्या देवळामागे भिंतीला टेकवलेले तीन दगड, तिन्हींवर शेंदूर. गुरवमामांनी आधी विचारलं, "सरकारी माणसं का?" नाही म्हटल्यावर मोकळे झाले, स्वतःच पाण्याची बादली घेऊन आले.

"मामा, हे कोण म्हणायचे?"

"आमचे वीर. होळीला नारळ असतो त्यांना."

"कुठल्या घराण्यातले?"

"ते काय विचारू नका. गावाचे."

तिन्ही दगडांचे वरचे दोन कप्पे मोजपट्टी न लावताही सारखे दिसतात. लिंग त्याच उंचीचं, पुरोहित त्याच बाजूला, अप्सरांचे हात त्याच वळणाचे. एकाच पाथरवटाचं किंवा एकाच टोळीचं काम असणार. माझा अंदाज असा, की स्वर्गाचा साचा त्यांच्या हातात बसलेला होता. गिऱ्हाईक बदललं तरी तो बदलत नसे.

फरक आहे तो खाली. पहिल्या दगडावर वीराच्या मागे गाईंची रांग: हा गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना गेला. गोधन हीच गावाची संपत्ती होती तेव्हा गुरांसाठी मरणं हे गावासाठी मरणंच होतं, आणि गाईंची अशी रांग दख्खनच्या वीरगळांवर जागोजाग दिसते. दुसऱ्यावर घोडेस्वार, समोर ढाल-तलवारवाले दोघे. वीर त्यांच्या दीडपट मोठा. मोठेपणा उंचीने दाखवायची जुनी रीत. तिसऱ्याचा तळ सिमेंटच्या ओट्यात गेलाय. दोन डोकी आणि धनुष्याचं एक टोक, बस्स.

म्हणजे या तिसऱ्या माणसाबद्दल वेगळं म्हणून जे काही कोरलं होतं, ते नेमकं ओट्यात आहे. वर उरलंय ते सगळ्यांचं सारखं. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव नाही, लेख नाही, साल नाही. माणूस ओळखायचा तर तळाच्या कप्प्यावरूनच.

तक्त्यात नवा रकाना: 'तळाचा कप्पा: पूर्ण / अर्धा / दिसत नाही'.

१ डिसेंबर

गाव २. वडाच्या पारावर एकच दगड, छातीएवढा उंच. भर दुपारी काढलेल्या फोटोत झिजलेलं काम सपाट होऊन जातं. सकाळचं ऊन बाजूने सरकत येतं तेव्हाच घोड्याचे पाय आणि लगाम उठून दिसतात. वडाखाली ऊन पोचत नाही म्हणून आरसा नेला होता. एकाने उन्हात उभं राहायचं आणि आरशातून उजेड दगडावर तिरपा टाकायचा. पोरांना हे काम इतकं आवडलं की रांग लागली. अंधार पडल्यावर बॅटरी बाजूने धरली तरी तेच साधतं.

प्रत्येक दगडाचे चारी बाजूंनी, एकमेकांवर चढणारे पुष्कळ फोटो घेतोय. त्यांवरून संगणकावर दगडाचं त्रिमितीय रूप उभं करता येतं. मग हवा तसा उजेड तिथेच पाडून बघता येतो.

काय करायचं नाही याची यादी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली आहे. खडू घासायचा नाही. पीठ चोळायचं नाही. तारेचा ब्रश नाही, ॲसिड नाही. शेंदूर खरवडायचा नाही. पुटांवर पुटं चढून त्याचं कवच कधी आपोआप गळतं, ते वेगळं. पूजेतला दगड सोलायला आपण कोण? आणि खणायचं नाही. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या कायद्याने पुरावशेषात मोडतं, आणि कायदा नसता तरी गावच्या देवाच्या पायाशी कुदळ घालणाऱ्या पाहुण्याला पुन्हा कोणी पाणी विचारलं नसतं.

हे शेवटचं सगळ्यांत जड जाणार. या पारावरच्या दगडाचाही तळ मातीत आहे.

११ डिसेंबर, रात्री

फायलींची नावं: गाव-दगड-बाजू-क्रमांक. तारीख आपोआप येते. यावर आणखी चर्चा नको.

१५ डिसेंबर

गाव ४. "वीरगळ आहे" म्हणून फोन आला होता, निघाला गद्धेगळ. वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेल्या ओळी, खाली गाढव आणि स्त्री. हा मेलेल्या माणसाचा दगड नव्हे, जमिनीच्या दानाचा आहे. दान मोडणाऱ्याच्या आईला शिवी दगडात कोरून ठेवलेली. शिलाहार आणि यादव काळात असे दगड पुष्कळ उभारले गेले. गावात याला फुलं वाहतात. दाखवणाऱ्या दादांना खालचं चित्र काय आहे हे पक्कं ठाऊक होतं, पण बरोबर त्यांची सून होती, त्यामुळे आम्ही सगळेच वरच्या चंद्राबद्दल बोलत राहिलो.

चंद्राबद्दल बोलण्यासारखं आहेच. दानलेखांत 'आचंद्रार्क' येतं, चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालू राहो. वीरगळावर तीच जोडी, तोच अर्थ. फक्त टिकायचं आहे ते दान नव्हे, कीर्ती. म्हणून नुसत्या चंद्र-सूर्यावरून दगड कोणता हे ठरवता येत नाही. माथा फुटून वेगळा पडला असेल तर तक्त्यात 'अनिश्चित' लिहायचं. गाय-वासरू कोरलेला धेनुगळही असाच, दानाशी जोडलेला. त्यातली गाय आणि वीरगळावरची पळवलेली गुरं यांची गल्लत करायची नाही. एकीला वासरू पितंय, दुसऱ्या रांगेत चालताहेत.

गद्धेगळ आमच्या यादीबाहेरचा. तरी फोटो आणि ओळींचं वर्णन वेगळ्या पानावर ठेवलं.

२२ डिसेंबर

गाव ५, ओढ्याकाठी सतीशिळा. एकच हात, कोपरात काटकोनात वळून वर उठलेला, पंजा उघडा, मनगटात चुडा भरलेला. चेहरा नाही, नाव नाही. बांगड्या मुद्दाम ठसठशीत कोरल्यात, कारण दगडाला एवढंच सांगायचंय की ही बाई सवाष्ण म्हणून गेली. काही ठिकाणी याच हातात लिंबू असतं. इथे अंगठ्याजवळचा भाग झिजलाय, त्यामुळे लिहिलं नाही. एकाच दगडावर असे दोन हात असले तर दोन बायका समजायच्या. वीरगळ आणि सतीचा हात एकत्रही सापडतात.

जवळच्या घरातल्या आजी म्हणाल्या, "सतीआईची ओटी भरतो आम्ही." नोंद केली, तशीच, त्यांच्या शब्दांत.

वर्णन कसं लिहायचं यावर मात्र आमच्यात जुंपली. एकाने मसुद्यात 'पवित्र बलिदान' लिहिलं होतं. मी खोडलं. गव्हर्नर-जनरल बेंटिंकने ४ डिसेंबर १८२९ ला बंगाल इलाख्यात सती बेकायदा ठरवली, १८३० मध्ये मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही. १९८७ च्या कायद्याने तर सतीचा गौरव करणंही गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, वीराच्या दगडावर तो कशाने मेला ते कोरलेलं असतं आणि तिच्या दगडावर नुसत्या बांगड्या. तिला काय वाटलं याला कप्पाच नाही. आपण तो शब्दांनी भरू नये. 'कोपरात वळलेला उजवा हात, चुडा, पंजा उघडा' एवढंच गेलं.

५ जानेवारी २०२५

आज एकसर, बोरिवली. आमच्या तालुक्याच्या बाहेरचं आहे, पण वीरगळांवर काम करून एकसर न बघणं म्हणजे पंढरीला जाऊन चंद्रभागा न बघणं. एकसरचे वीरगळ प्रसिद्ध आहेत ते त्यांवरच्या समुद्रातल्या लढाईमुळे: टोकं वर वळलेली जहाजं, वल्ह्यांच्या रांगा, एकमेकांवर चाल. ठाण्याच्या शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्या तेराव्या शतकातल्या युद्धाशी बरेच अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. सोमेश्वर त्यात समुद्रात बुडाला असं यादवांच्या बाजूची साधनं सांगतात. याहून जुना काळ मानणारेही आहेत.

माझं लक्ष अर्थातच खाली. वर गेलात की तीच पूजा, तोच कलश, हार घेऊन तरंगणाऱ्या त्याच आकृत्या. जहाजं खालच्या पट्ट्यांत आहेत. ते पट्टे कुणी मातीत पुरले असते तर एकसरचा दगड आणि घाटावरच्या एखाद्या गुराख्याचा दगड यांत समुद्राएवढा फरक आहे हे कळलंच नसतं.

१९ जानेवारी

तुलनेसाठी जवळच्या जुन्या छावणीतलं गोऱ्यांचं कबरस्तान. रखवालदार काकांनी कुलूप काढलं, साप बघून चाला म्हणाले.

इथे चिन्हांचा नुसता बाजार आहे. मधेच तुटलेला खांब: आयुष्य अर्ध्यावर संपलं. उलटी धरलेली मशाल: ज्योत विझली. जहाजाचा नांगर: आशा, कबर खलाशाची असायलाच पाहिजे असं नाही. लहान मुलाच्या कबरीवर कोकरू. आणि सगळीकडे कलश, त्यावर दगडाचंच कापड टाकलेलं. हा कलश बघून आमच्यातला एक जण म्हणाला, "अरे, हा तर वीरगळावरचाच!" दिसतो तसा, पण आहे उलटा. आपला माथ्यावरचा कलश मंगल, भरलेला. त्यांचा ग्रीक-रोमन नमुन्यावरून आलेला रक्षापात्राचा आकार, तोही जाळण्याऐवजी पुरणाऱ्या लोकांनी फॅशन म्हणून उचललेला. तक्त्यात 'कलश' हा एकच शब्द दोन्हींना चालणार नाही.

इथेही साचा आहेच. तेच कोकरू दोन कबरींवर, तोच खांब चार. पण खाली मजकूर आहे: नाव, पलटण, वय, तारीख, कॉलऱ्याने गेला की तापाने. चिन्ह सामायिक, माणूस अक्षरांत. आपल्याकडे माणूस चित्रात, आणि ते चित्र मातीत.

तारखा असल्याचा फायदा केवढा, ते परत येताना गाडीत बोलत होतो. अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या कबरस्तानांत जेम्स डीट्झ आणि एडविन डेथलेफसन यांनी १९६० च्या दशकात मोजणी केली: पंखवाली कवटी कधी मागे पडली, तिच्या जागी पंखवाला बालदूत कधी आला, मग कलश आणि विलोचं झाड कधी. प्रत्येक दगडावर साल, त्यामुळे एका चिन्हाची चढती आणि दुसऱ्याची उतरती सरळ आलेखात दिसते. आपल्या बिनसालाच्या दगडांचा काळ ठरवायचा तर शस्त्र, अंबाडा, घोड्याचं खोगीर, धोतराचा काचा यांवर भिस्त. आणि हे सगळं कोरलेलं असतं लढाईच्या कप्प्यात.

जाताना एका दर्ग्याच्या आवारात थांबलो. जुन्या कबरींपैकी काहींवर कलमदान (लेखणीची पेटी), काहींवर सपाट तख्ती (लिहायची पाटी). कलमदान पुरुषाचं, तख्ती स्त्रीची. ताजमहालात शहाजहान आणि मुमताजच्या कबरींवरही हाच भेद आहे. एवढ्या कमी रेषांत इतकं स्पष्ट सांगणारं चिन्ह आमच्या यादीत दुसरं नाही.

२ फेब्रुवारी

गाव नाही, फक्त वाचन आणि तक्त्याची सफाई.

सगळेच वीरगळ लढाईतल्या माणसांचे नसतात, हे तक्त्याच्या सूचनांत घातलं. कर्नाटकातल्या आतकूरचा दगड त्यासाठी नमुना म्हणून धरला. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण आणि गंग राजा दुसरा बूतुग यांच्या काळातला, दहाव्या शतकाच्या मध्यावरचा. तक्कोलमच्या लढाईत चोळांविरुद्ध मर्दुमकी गाजवणाऱ्या मणलेर नावाच्या योद्ध्याने बक्षीस म्हणून राजाचा काळी नावाचा कुत्रा मागून घेतला. तो कुत्रा रानडुकराशी झुंजताना मेला, डुक्करही मेलं, आणि दगड उभा राहिला तो कुत्र्यासाठी. त्याच दगडावरच्या लेखात चोळ युद्धाची हकिकतही आहे. इतिहासकार त्या हकिकतीसाठी या दगडाकडे वळतात, कोरलेली झुंज मात्र कुत्र्या-डुकराचीच.

जैन निषिधीही (जैनांचा स्मृतिदगड) सूचनांत घातली: तिथे सल्लेखना घेऊन, म्हणजे अन्नपाणी सोडून, देह ठेवलेला असतो, त्यामुळे लढाई नसते आणि वर लिंगाच्या जागी तीर्थंकर असतो. वरच्या कप्प्यात लिंग नाही म्हणून दगड 'अपूर्ण' लिहायचा नाही.

१६ फेब्रुवारी

गाव २ मधून सरपंचताईंचा फोन. पार खचलाय, नव्याने बांधायचाय, दगड उचलावाच लागणार. यायचं तर या. वीर हलवायचा म्हणून आधी नारळ फुटला. मग पहार, दोर, चाकाचा टायर खाली, आणि आठ-दहा माणसं. दगड आडवा झाला तेव्हा कळलं, की जेवढा वर होता त्याच्या निम्म्याहून जास्त खाली होता.

सर्वांत खाली अनघड बुंधा, छिन्नीचे मोठे घाव तसेच. जमिनीत रोवायला ठेवलेला भाग तो. त्याच्या वरच्या कडेला घडणावळ सुरू होते, म्हणजे मूळ जमिनीची रेघ तिथे. पार वरचेवर भरत गेला आणि एक अख्खा कप्पा गिळून बसला. हे मोजमाप आमच्यासाठी सोन्यासारखं: ज्या दगडांचा बुंधा थोडाही दिसतो, त्यांच्यात गाडलेलं काही नाही, हे आता ठामपणे लिहिता येईल.

ओली माती पाण्याने आणि मऊ कुंचल्याने काढली. दोन पडलेले पुरुष. दोघांची डोकी एकाच बाजूला, दोघांच्या हातांत अजून तलवार. मागे गाई, चार दिसतात, पाचवीचं शिंग. वरच्या घोड्याच्या कप्प्यात एकच वीर आहे. अप्सरांच्या हातात एकच. लिंगापुढे एकच.

दुसरा कोण? आमच्यातला एक जण म्हणतो शत्रू. मला पटत नाही. शत्रू कोरतात तो पायाखाली, वाकडातिकडा, लहान. हा त्याच मापाचा आहे आणि शेजारी निजवलाय. सोबती, भाऊ, चाकर, काहीही असेल. पाथरवटाने त्याला मरणात जागा दिली आणि वर नेलं नाही. साचा एकाचा होता म्हणून, की दगड एकाच्या घरच्यांनी सांगितला होता म्हणून? तक्त्यात लिहिलं: 'पडलेले दोन, समान आकार; दुसऱ्याची ओळख अनिश्चित.'

ज्यांनी दोर ओढला त्यांतले एक म्हातारे बाबा बराच वेळ वाकून बघत होते. म्हणाले, "नारळ एकच फोडला की आपण."

सरपंचताईंनी दुसरा आणायला पोराला पिटाळलं.

२ मार्च

पार झाला. गवंड्याचा हात सिमेंटकडे जात होता. दगडाला सिमेंट घट्ट चिकटतं, पुढे कधी काढायचं झालं तर कोरीवकामासकट निघतं, म्हणून चुन्यात बसवायचं ठरलं. बुंधा तेवढा खाली, तळाचा कप्पा पूर्ण वर, पाणी साचू नये म्हणून भोवती उतार. शेंदूर लावायला गावाची मनाई नाही आणि आमचीही नाही. फक्त खालच्या कप्प्यावर ऑइल पेंट नको एवढं मागितलं, ते कबूल झालं.

आता पाटीचं भांडण. गावाला 'रणांगणात धारातीर्थी पडलेला शूर वीर' असं हवंय, आणि एका आडनावाची मंडळी तो आपला पूर्वज म्हणून नाव घालायला सांगताहेत. दगडावर नाव नाही, तर पाटीवर कुठून आणायचं? आमचा मसुदा: 'गुरांच्या रक्षणासाठी लढताना पडलेल्यांचा वीरगळ. तळाच्या कप्प्यात दोन पुरुष व गाई.' अनेकवचनावर अडलंय. बाबा आमच्या बाजूने आहेत. पाटी पाडव्याच्या आत हवी असं ग्रामपंचायतीचं म्हणणं आहे, तेव्हा पुढच्या रविवारी परत बैठक, आणि तिथून गाव ७, जिथे दगड विहिरीच्या काठात आडवा बसवलाय.